चाकाआधी पाऊल

सोलापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या की माझा डावा पाय आपोआप क्लचवरून बाजूला होतो. परवा तर मी गाडीत नव्हतेच. स्वारगेटहून सुटलेल्या बसमध्ये वरची दांडी धरून उभी होते. हडपसरच्या पुढे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या चाललेल्या, मोळ्या इतक्या वर रचलेल्या की शेंडे विजेच्या तारांना विचारून पुढे सरकताहेत असं वाटावं. मागे रस्ताभर सांडलेलं पाचट. बसच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि माझा डावा पाय चटकन उचलला गेला.

"उचललात एकदाचा," शेजारच्या बाई म्हणाल्या. "नाक्यापासून माझ्या चपलेवर होता."

मी माफी मागितली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. हंगाम सुरू झाला होता. आता होळीपर्यंत मांजरी गावाकडच्या हवेत तो वास राहणार: चिरलेल्या उसाचा गोडसर, ओल्या पाचटाचा कुबट आणि त्या दोघांच्या मधून जाणारा डिझेलचा. मला त्या वासात एक जुनी जीप ऐकू येते. पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, कुठलीही घाई नसलेली.

मी गाडी चालवायला शिकले ती एका गळीत हंगामात. म्हणजे लायसन्स होतं. वडिलांची छोटी गाडी मी कोथरूडपासून खराडीपर्यंत नेत होते आणि पुण्यात गाडी चालवणारा माणूस जगात कुठेही चालवू शकतो या समजुतीत सुखी होते. पण रस्ता संपल्यावर गाडी कशी चालवायची हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

जीप आमच्या मंडळाची होती. मंडळ म्हणजे दहा-बारा माणसं, एक भाड्याची खोली आणि हा एक फिरता दवाखाना. दर गुरुवारी तो मांजरीच्या पलीकडे, नदीकाठच्या ऊसतोड मजुरांच्या तळांवर जायचा. मागच्या भागात लशींची थंड पेटी, तान्ह्या मुलांना झोळीत घालून वजन करायचा काटा, घडीचं टेबल, आणि त्या सगळ्याच्या मधे पाय दुमडून बसलेल्या शैलाताई. शैलाताई निवृत्त नर्स. निवृत्त झाल्या त्या फक्त नोकरीतून. बोलणं पूर्वीसारखंच चालू होतं.

गाडी चालवायचे रफिकचाचा. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. त्यांच्या आजोबांनी तिथे टांग्याची चाकं दुरुस्त केली, वडिलांनी ट्रकची, त्यांनी जीपची. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मंडळाच्या बैठकीत त्यांनीच सांगितलं, "समोरचा खड्डा मला आता आठवणीने दिसतो. हे बरं नाही." मग ठरलं: या हंगामात कुणीतरी त्यांच्या हाताखाली तयार व्हायचं, नाहीतर संक्रांतीनंतर गाडी विकायची आणि गुरुवारची फेरी बंद करायची. रस्ता नसलेल्या तळांवर साधी गाडी पोचत नाही, आणि पगारी ड्रायव्हर मंडळाला झेपत नव्हता.

मी हात वर केला. हात वर करणं ही माझी जुनी सवय.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. आई-वडील दोघंही चळवळीतले. धरणग्रस्तांचं, कामगारांचं, भाडेकरूंचं, नदीचं, कुठलं ना कुठलं पत्रक छापून आलेलं असायचंच. मी शाळेचा अभ्यास पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून केला आणि वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. त्यामुळे 'कमळ'च्या आधी मला 'निषेध' वाचता येत होतं. वडील पत्रक लिहायला बसले की सांगायचे, "पत्रकात 'कदाचित' नसतं. 'कदाचित' आलं की वाचणारा कागद खिशात घालतो आणि विसरतो." मी ते वाक्य लिहिण्यापुरतं घ्यायला हवं होतं. मी ते सगळीकडेच घेतलं.

गाडी शिकायला गेले त्याच्या महिनाभर आधी मी एक पत्रक काढलं होतं. शहरातल्या टेकड्यांवर रविवारी सकाळी मोठमोठ्या गाड्या चढवणाऱ्या मंडळींविरुद्ध. पावसाळ्यानंतर गवत उभं असतं, त्यात टिटवीची अंडी असतात, आणि यांच्या चाकांनी पडलेल्या चरांतून पुढच्या पावसात माती वाहून जाते. हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. चाचांनी गॅरेजच्या स्टुलावर बसून ते पत्रक नाकाला लावून वाचलं.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "पण हे 'चारचाकी राक्षस' कशाला? गाडीला काय कळतं. राक्षस सीटवर बसलेला असतो." मग पत्रकाची घडी करून त्यांनी ती हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. स्टूल हलायचं थांबलं. माझ्या लिखाणाचा इतका नेमका उपयोग तोवर कुणी केला नव्हता.

शिकवणी वाघोलीकडच्या एका बंद खाणीत चालायची. खडी काढून नेलेली, मागे उरलेला उघडा खड्डा, उतार, मुरमाचे ढीग, मधे साचलेलं हिरवट पाणी. तिथे उगवायला काही उरलं नव्हतं, म्हणून चाचांनी ती जागा निवडली होती. मालकाची परवानगी घेतलेली. "मोडायचं तर जे आधीच मोडलंय तिथे," ते म्हणाले. माझी सुट्टी गुरुवारी. मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरावं याची माहितीपुस्तकं लिहिते, आणि गुरुवारच्या बदल्यात रविवारी काम करते. तो गुरुवार फेरीत जायचा, म्हणून शिकवणी इतर दिवशी सकाळी कामाआधी. कार्तिकातलं कोवळं ऊन, जीपच्या बॉनेटवर दव, आणि थर्मासमधला चाचांचा अतिगोड चहा.

पहिले दोन दिवस त्यांनी मला गाडी सुरूच करू दिली नाही. त्या जीपमध्ये चारही चाकांना जोर द्यायचा तर आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेलं कडं हाताने फिरवावं लागतं. त्याला हब लॉक करणं म्हणतात. नव्या गाड्यांत हे सगळं बसल्या जागी बटणावर होतं. मी तसं म्हटलं.

"म्हणून नव्या गाड्या जास्त रुततात," चाचा म्हणाले. "हब लॉक करायला उतरलंच आहेस, तर चार पावलं पुढे जा. चिखलात पाय घाल. दगड हलतो का बघ. पाणी असलं तर काठी घाल. मग परत ये आणि ठरव. चाकाआधी पाऊल. हब हा बहाणा आहे बेटा."

मग एकेक गोष्ट आली. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, बाहेर ठेवायचे. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं झटका मारतं. पुरावा म्हणून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा दाखवला, जो वाकत नव्हता. पट्टा लावायचाच, वेग बैलगाडीचा असला तरी. मागचं सामान बांधायचं, कारण गाडी कलंडली तर माणसाला आधी लागते ती आपलीच पेटी. डांबरावर फोर बाय फोर लावायचं नाही: "तिथे चारही चाकांना घट्ट धरलं की वळणावर गाडी स्वतःशीच भांडते." क्लचवर पाय विसावायचा नाही. मी विसावायचे. प्रत्येक वेळी ते पट्टीने माझ्या गुडघ्यावर टकटक करायचे. परवा बसमध्ये पाय उचलला गेला तो त्या पट्टीमुळे.

उतार उतरणं मला सगळ्यात आवडलं. उताराच्या तोंडाशी गाडी थांबवायची, लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त अशा जोडणीत, पहिला गिअर टाकायचा आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून घ्यायचे. पहिल्यांदा ते मला वेडेपणाचं वाटलं. समोर नुसतं आकाश, बॉनेट खाली वाकलेलं, आणि हा माणूस सांगतो पाय काढ. पण गाडी पडली नाही. इंजिनाने तिला धरून ठेवलं. एखादे आजोबा कठड्याला धरून जिना उतरतात तशी ती उतरली. खाली पोचल्यावर लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला होता आणि चाचा शेंगदाणे सोलत होते.

चढ मात्र मला जड गेला. एका सकाळी मुरमाच्या उतारावर मी निम्म्यात पोचले आणि गाडी थबकली. माझा हात आपोआप स्टिअरिंग वळवायला गेला. तोंड फिरवून खाली यावं, निदान येताना तरी पुढे बघत यावं.

"वळवू नको!" चाचा क्वचित ओरडत. "आडवी झालीस की लोळत जाशील. ब्रेक धर. रिव्हर्स टाक. जशी आलीस तशी सरळ मागे."

मी मागे आले. कान तापले होते. खाणीत आम्हा दोघांशिवाय फक्त एक कुत्रा होता आणि तोही झोपलेला, तरी मला लाज वाटली. लहानपणापासून ज्या घोषणांवर मी वाढले त्यांच्यात मागे येण्याला एकच अर्थ होता. चाचांनी थर्मास उघडला, स्वतःला चहा ओतला आणि म्हणाले, "आता दुसऱ्या बाजूने बघू. चालत."

गुरुवारी तळावर जायचो तेव्हा मी शेजारी बसून बघायचे. मांजरीच्या नव्या सोसायट्या मागे पडतात, दुकानांच्या पाट्या संपतात, आणि एका वळणानंतर दोन्ही बाजूंना नुसता ऊस. मजुरांचा तळ नदीच्या अंगाला, उसाच्या फडांच्या पलीकडे. पाचटाच्या आणि काळ्या प्लास्टिकच्या पन्नासेक कोप्या. बहुतेक माणसं बीडकडची. तिथे जायला एकच बरी वाट होती, एका बागायतदाराच्या शेतातून गेलेला मुरमाचा खासगी रस्ता. त्याला लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. बागायतदाराला सगळे अण्णा म्हणत. चाचा दर गुरुवारी फाटकाशी उतरायचे, अण्णांना सलाम करायचे, दोन शब्द बोलायचे, कधी चढ्या आवाजात काही वाद व्हायचा, मग कुलूप निघायचं.

मला हे बघवत नसे. त्याच माणसाच्या उसावर ही माणसं राबत होती, त्याच्याच कडेच्या पडीक तुकड्यावर कोप्या घालून राहत होती, आणि आम्ही दवाखाना घेऊन त्याच्या दारात उभे. मी पत्रक लिहिलं. तळावर पिण्याच्या पाण्याचा नळ द्या, माणसांना माणसासारखं राहू द्या. नाव घेतलं नव्हतं, पण 'ज्यांच्या बंगल्याचा दुसरा मजला उसाच्या घामावर चढला' असं वाक्य होतं, आणि त्या शिवारात दुमजली बंगला एकच होता. एका गुरुवारी परतताना जीपच्या खिडकीतून मी ते वाटलं. चाचांनी बघितलं आणि गिअर बदलला.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. "गुरुवारी तू ने," ते फोनवर म्हणाले. "शैलाताई सोबत आहेत. खाणीत जेवढं केलंस त्याच्या निम्मंसुद्धा तिथे नाही. फाटकातून जा, मुरमावरून जा, ये."

मी फाटकापर्यंत गेले. गाडी थांबवली. कुलूप दिसत होतं, बंगल्याचा दुसरा मजलाही दिसत होता. आत अण्णा खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं. आणि मला ते जमेना. ज्याच्याविरुद्ध आठ दिवसांपूर्वी लिहिलं त्याच्याकडे जाऊन 'जरा फाटक उघडता का' म्हणायचं? मी गिअर टाकला आणि तशीच पुढे निघाले.

"अगं, फाटक मागे राहिलं," शैलाताई म्हणाल्या.

"पुढे जुनी गाडीवाट आहे. बांधाच्या कडेने."

"ती बैलांची आहे."

"फोर बाय फोर कशाला आहे मग?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. शैलाताई बोलत नाहीत तेव्हा ऐकायला हवं, हे मला नंतर कळलं.

डांबर संपलं तिथे मी हब लॉक केले होते, घाईघाईने, फाटकाकडे पाठ करून. चार पावलं पुढे गेले नव्हते. वाट वरून कोरडी दिसत होती, मातीला बारीक भेगासुद्धा होत्या. शेजारच्या फडाला रात्रभर पाणी दिलेलं होतं हे सीटवरून दिसत नाही. काळ्या रानाला वाफसा यावा लागतो: वरचं पाणी मुरून, आतलं सुकून, पाय टेकेल इतकी माती सावरावी लागते. वरची साय सुकली म्हणजे वाफसा आला असं नसतं. हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नाही.

पुढचं डावं चाक आधी गेलं. मी अॅक्सिलरेटर दाबला. रुतल्यावर चाक फिरवायचं नाही, ते स्वतःसाठी विहीर खणतं, हे चाचांनी दहा वेळा सांगितलेलं. पण त्या क्षणी मला फाटकाआडून बघणारे डोळे पाठीवर जाणवत होते. मी आणखी दाबला. चारही चाकं चिखल उडवत खाली गेली, आणि जीपचं पोट मातीला टेकल्याचा एक मऊ, पोटभर जेवल्यासारखा आवाज आला.

"आता उतरायचं का?" मागून शैलाताई. "की अजून खाली जायचंय?"

त्यांनी थंड पेटी खांद्याला लावली, साडी खोचली आणि बांधावरून तळाकडे चालत निघाल्या. मी चिखलात उभी राहिले.

पलीकडच्या फडात तोड चालली होती. इंजिनाचा आक्रोश तिकडे पोचला असावा. कोयते खाली ठेवून आठ-दहा जणं आली. पुढे होती कौशल्या. तिच्या धाकट्याला मी दोनदा काट्याच्या झोळीत घातलं होतं, म्हणून ओळखीची. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, चपलेने माती उकरली आणि म्हणाली, "ताई, हिकडं कामून आणली? काल राती दारं धरलंय हितं."

मग त्यांनी कामाला हात घातला. कुणी खोऱ्याने चाकांपुढची माती काढली. बायकांनी पाचटाचे भारे आणून चाकांखाली दाबले. ट्रॉली भरून घ्यायला थांबलेला ट्रॅक्टर बांधाच्या पलीकडे उभा राहिला आणि त्याचा तारेचा दोर जीपला लावला. त्या दिवशी मी एकच गोष्ट बरोबर केली. दोर ताणायच्या आधी सगळ्यांना त्याच्या रेषेतून दूर केलं, दोरावर ओलं पोतं टाकलं. तार तुटली तर ती कोयत्यासारखी येते. हे मात्र मला आठवलं.

ट्रॅक्टरची तयारी चाललेली असताना कौशल्या माझ्याशेजारी पाचट दाबत बसली होती.

"तुमचं ते कागद वाचलं," ती म्हणाली. "पोरीनं वाचून दाखवलं. लई जोरात लिवलंय."

मला त्या चिखलातही बरं वाटलं.

"पर नळ कशाला मागितला? नळ हाय की. त्या बाभळीखाली. पाणी बी येतंय."

मी बाभळ शोधत मान वर केली.

"आमाला लाईट पायजे. पाटं तोडीला निघताना पायाखाली काय हाय ते दिसत न्हाई. मागल्या हप्त्यात दोन साप निघाले."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

ती हसली. रागाने नाही, लहान मुलाने भलता प्रश्न विचारल्यावर हसतात तशी. "तुमी टेबलापलीकडं कुठं आल्या होत्या? कागदं तर न उतरता गाडीतूनच वाटली."

गाडी निघायला दोन तास लागले. त्यामुळे ट्रॉली अर्धीच भरली आणि तशीच कारखान्याला गेली; मजुरी टनावर मिळते. ज्यांच्या घामाबद्दल मी लिहिलं होतं त्यांचा दोन तासांचा घाम माझ्या चाकांखाली गेला. तळावरून शैलाताई परत आल्या तेव्हा पेटी जवळजवळ भरलेलीच होती.

"टोचलं नाही?" मी विचारलं.

"पोरं धरायला आया लागतात," त्या म्हणाल्या. "आया तुझी गाडी ढकलत होत्या."

संध्याकाळी मी चाचांकडे गेले. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली, उजव्याने ते माझ्या सलवारीवरचा सुकलेला चिखल न्याहाळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"उतरली होतीस?"

"नाही."

"का?"

मग मी तत्त्वाचं सांगितलं. शोषणाचं सांगितलं. ज्याच्याशी लढायचं त्याच्याकडे मागायचं कसं, हे सांगितलं. आवाज चढला असावा, कारण आतून चाची पाणी घेऊन आल्या.

चाचा शांतपणे ऐकत होते. "मी त्या अण्णाशी दर गुरुवारी भांडतो," ते म्हणाले. "कोप्या आधी परतीच्या पावसात नदीच्या पाण्याखाली यायच्या, त्या वर सरकवायला लावल्या त्या भांडूनच. तो नळही तसाच आला, दोन वर्षं लागली. पण फाटकातून आत जाऊन भांडतो. तू रस्त्यावरून भांडलीस, आणि त्याचं काहीच बिघडलं नाही. ट्रॉली कौशल्याची अर्धी गेली." मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मी शेजारी बसेन. फाटकाशी तू उतरायचं."

त्या आठवड्यात मी कामावर काही धड लिहू शकले नाही. 'पुढे जाण्यासाठी येथे क्लिक करा' हे वाक्य चार वेळा खोडलं. घरी वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही पत्रक लिहायच्या आधी तिथे जायचात का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुरुवातीला जायचो," ते म्हणाले. "नंतर पाठ झालं." ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढे विचारावंसं वाटलं नाही.

गुरुवारी मी फाटकाशी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि उतरले. आधी बांधावरून तळापर्यंत चालत जाऊन आले, मग फाटकाशेजारच्या लहान दारातून आत गेले. अण्णा खुर्चीवरून उठले नाहीत. टीपॉयवर चष्म्याच्या घराखाली माझं पत्रक होतं.

"या, पत्रकवाल्या ताई," ते म्हणाले. "अक्षर छान छापलंय. दुसरा मजला बघायचा का? घाम दाखवतो."

"अण्णा, त्यातलं एक वाक्य चुकलं. नळ आहे, हे मी बघितलं नव्हतं. तेवढं मागे घेते."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तसंच आहे."

त्यांनी भुवया उंचावल्या. जीपमध्ये चाचा समोर बघत बसले होते, जणू त्यांना ऐकूच येत नाही.

"मग आज काय? नवा कागद?"

"आज विचारायला आलेय. एक, फाटक उघडा, मागच्या गुरुवारी मुलांना लस मिळाली नाही. दोन, तळावर एक दिवा द्या. तुमच्या पंपाचा खांब तिथून पन्नास पावलांवर आहे. मी आत्ता मोजून आले, बांधावरून चालत."

"आणि न्हाई दिला तर?"

"तर त्याचंही पत्रक निघेल. पण त्यात चूक नसेल."

अण्णांनी भिंतीच्या खिळ्यावरची किल्ली काढली. "फाटक घ्या. लाईटचं बघू. आन् त्या बांधावरनं परत गाडी घालू नका, शेजारी माझ्या नावानं बोंबलतोय."

त्या दिवशी शैलाताईंनी मागच्या आणि त्या गुरुवारची मिळून सगळी मुलं टोचली. मी मुलांचे पाय धरले. वजनाच्या काट्याला लटकलेली, चेहरे वाकडे केलेली, गुलाबी टाळू दाखवत रडणारी ती मुलं. आणि पलीकडे कोयत्यांचा एकसारखा छपछप आवाज. हिवाळ्यातल्या त्या उन्हाला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. मलाही तासभर तसंच वाटलं.

संक्रांतीनंतर मंडळाची बैठक झाली. गाडी विकायची की ठेवायची, हा एकच विषय. जीप रुतल्याची बातमी सगळ्यांना होती; ती मीच लिहून दिली होती, दीड पानात, एकही विशेषण न घालता. एकाने चाचांना विचारलं, "अहो पण तुमच्या मते ती तयार झाली का? पहिल्याच फेरीला रुतवली."

चाचांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन तोवर झालं होतं. नवा चष्मा त्यांना सवयीचा नव्हता, ते सारखा वर ढकलत होते. "जो कधी रुतलाच नाही, त्याच्या गाडीत मी शैलाताईंना बसवणार नाही," ते म्हणाले. "हिला गाडी द्या."

"मला कुणी विचारलं नाही," शैलाताई म्हणाल्या. "पण बसेन."

तेव्हापासून गुरुवार माझा आहे. खराडीच्या पार्किंगमध्ये हल्ली माझ्या ऑफिसातल्या मुलांच्या उंच, चकचकीत गाड्या उभ्या असतात. छतावर दिव्यांची रांग, नाकाशी पाण्यात श्वास घ्यायची नळी, आणि चाकांना चिखलाचा ठिपका नाही. ती मुलं विचारतात, "तू खरंच फोर बाय फोर चालवतेस? टॉप स्पीड काय?" मी सांगते, माणूस चालतो तेवढा. ती हसतात. टेकडीवर न्यायच्या असतील तर मी पत्रक काढीन, हेही सांगते. पत्रकं मी सोडलेली नाहीत. आता फक्त उशिरा निघतात.

अण्णांच्या दिव्यासाठी लिहिलेलं पत्रक त्या हंगामात डॅशबोर्डच्या कप्प्यात तयार होतं. अण्णांशी बोलले त्याच्या पुढच्या गुरुवारी दिवा नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी खांबापासून तार आलेली दिसली, दिवा नव्हता. तिसऱ्या गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, तळ रिकामा, सगळे तोडीला गेलेले, आया मुलांना घेऊन अजून यायच्या होत्या. तळाच्या मधोमध रोवलेल्या बांबूला होल्डर होता आणि त्यात एक दिवा. लागलेला आहे की नाही ते भर उन्हात कळत नव्हतं. मी उतरून जवळ गेले, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हातांची सावली त्याच्याभोवती धरली. आत पिवळट उजेड होता. कौशल्याने तोडीला जाताना तो मुद्दाम चालू ठेवला होता, मला दिसावा म्हणून.

"बंद कर गं," शैलाताई टेबल उघडता उघडता म्हणाल्या. "बिल त्या अण्णांना येतंय."

"येऊ दे," मी म्हटलं. "अजून पाच मिनिटं."